वाचकांचे प्रश्न : सुरक्षा तपासणाऱ्या टूलचा कोड मोजायचा कसा?

महापे, ऐरोली, बेलापूर, वागळे इस्टेट या पट्ट्यात क्लायंटच्या वेबसाइट आणि नेटवर्कची सुरक्षा तपासणाऱ्या बऱ्याच टीम काम करतात. आता त्या स्वतःची टूल्सही लिहितात. या महिन्यात आलेल्या पत्रांमधला मोठा गठ्ठा त्या टूल्सच्या कोडबद्दलचा आहे : गुंतागुंत किती, वाचायला सोपा किती, आणि हे मोजायचं कशाने. पत्रांत क्लायंटच्या कामाचे तपशील असल्यामुळे कोणाचीही नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची चौघांची टीम आहे. पायथनमधला वेब-स्कॅनर अकरा हजार ओळींचा झालाय. क्लायंटने कोडच्या गुंतागुंतीचा रिपोर्ट मागितलाय. सुरुवात कुठून करू? (टीम लीड, महापे)

काय मोजायचं नाही, ते आधी ठरवा. स्कॅनरच्या फोल्डरमध्ये पेलोडच्या (साइटला मुद्दाम पाठवायच्या चाचणी-मजकुरांच्या) याद्या, बाहेरून आणून ठेवलेल्या लायब्ररी आणि युनिट टेस्ट असतात. टेस्टची फंक्शन्स छोटी आणि संख्येने भरपूर, त्यामुळे ती मोजणीत आली की सरासरी उगाच खाली येते. पेलोडच्या लांबलचक याद्या ओळींच्या हिशेबात येतात आणि फाइलचा मेन्टेनेबिलिटी इंडेक्स (कोड सांभाळायला किती सोपा, याचा गुण) विनाकारण पाडतात. हे तिन्ही वगळा.

मग पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या टूलने) रेडॉन हे गुंतागुंत मोजणारं टूल बसवा आणि त्याची 'सीसी' ही उपकमांड चालवा. तिचा आकडा म्हणजे ढोबळमानाने फंक्शनमधल्या निर्णयाच्या जागा अधिक १. 'एस' या पर्यायाने प्रत्येक फंक्शनचा आकडा दिसतो, 'ओ स्कोअर'ने यादी आकड्याप्रमाणे लागते, 'ई'ने नको ते फोल्डर वगळता येतात. रेडॉनच्या श्रेणी अशा आहेत : १ ते ५ म्हणजे ए, ६ ते १० बी, ११ ते २० सी, २१ ते ३० डी, ३१ ते ४० ई आणि त्यापुढे एफ. 'ए' हा पर्याय सरासरी काढून देतो, पण ती रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर घेऊ नका. तीनशे फंक्शन्स २ ची आणि एक ४५ चं असलं तरी सरासरी २.१४ येते, आणि बिघाड त्या ४५ मध्येच बसलेला असतो.

पुढची पायरी बहुतेक टीम गाळतात. गिटमधून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधून) गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक फाइलवर किती कमिट (नोंदवलेले बदल) झाले ते काढा आणि गुंतागुंतीच्या यादीशेजारी ठेवा. ३० चं फंक्शन दोन वर्षांत कोणी उघडलेलंच नसेल तर ते थांबू शकतं. १४ चं फंक्शन दर आठवड्याला बदलत असेल तर आधी तिथे बसा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : जी फंक्शन्स 'दोष आहे' किंवा 'नाही' असा निकाल देतात, त्यांच्यावर वेगळी खूण करा. साध्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की कोणीतरी फोन करतं. स्कॅनर चुकून 'सुरक्षित' म्हणाला तर कोणाचाच फोन येत नाही. म्हणून आमच्या मते निकाल देणाऱ्या फंक्शनचा ८ हा आकडा पीडीएफ रिपोर्ट बनवणाऱ्या फंक्शनच्या २० पेक्षा जास्त गंभीर.

टेस्ट कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती हिस्सा चालतो ते) हाताशी असेल तर क्रॅप नावाचा आकडा काढा. सूत्र असं : गुंतागुंतीचा वर्ग, गुणिले (१ वजा कव्हरेज) चा घन, अधिक गुंतागुंत. गुंतागुंत ७ आणि कव्हरेज शून्य असेल तर ४९ + ७ = ५६. कव्हरेज ५० टक्के केलं की ४९ × ०.१२५ + ७ = साधारण १३. रूढ मर्यादा ३० आहे. क्लायंटला द्यायच्या रिपोर्टमध्ये वरची दहा फंक्शन्स, प्रत्येकाचा आकडा, कव्हरेज आणि 'हे चुकलं तर काय होईल' असं एक वाक्य एवढं पुरतं.

प्रश्न : एकाच फंक्शनला रेडॉन ५ म्हणतं आणि फ्लेक८ म्हणतं २. खरं कोण? (सॉफ्टवेअर इंजिनिअर, ऐरोली)

दोघंही खरं बोलतात, मोजायचे नियम वेगळे आहेत. तुम्ही पाठवलेल्या फंक्शनमध्ये एकच 'इफ' आहे आणि त्यात 'अँड'ने जोडलेल्या चार अटी आहेत. रेडॉन मुळातला १, 'इफ'चा १ आणि तीन 'अँड'चे ३ असे ५ धरतं. फ्लेक८ या कोड तपासणाऱ्या टूलमधला मॅकेब प्लगइन 'अँड' आणि 'ऑर' मोजतच नाही, म्हणून २. रफ या तशाच टूलमधला याच नावाचा नियमही मॅकेब प्लगइनसारखाच वागतो. लिझर्ड हे गुंतागुंत मोजणारं टूल मात्र अटींचे जोड मोजतं.

स्कॅनरच्या कोडमध्ये हा फरक मोठा पडतो. स्टेटस (सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक) २०० म्हणजे 'ठीक' असेल, आणि बॉडीत (उत्तराच्या मजकुरात) अमुक शब्द असेल, आणि हेडर नसेल, अशा लांब अटी इथे रोजच्या असतात, आणि चूक बहुतेक वेळा त्या जोडांमध्येच असते. त्यामुळे निकालाच्या कोडसाठी जोड मोजणारं टूल घ्या. कोणतंही घेतलंत तरी वर्षभर तेच ठेवा आणि रिपोर्टमध्ये टूलचं नाव आणि आवृत्ती लिहा. मध्येच टूल बदललं की आलेख वर-खाली होतो आणि कोड सुधारल्याचा किंवा बिघडल्याचा भास होतो.

प्रश्न : आमच्याकडे 'सगळी फंक्शन्स १० च्या आत' असा नियम आलाय. जावामधल्या प्रोटोकॉल फझरमध्ये (वेडेवाकडे मेसेज पाठवून प्रोग्रॅम कोसळतो का ते पाहणाऱ्या टूलमध्ये) मेसेजचा प्रकार ओळखणारं एक फंक्शन आहे, ३३ केसचा स्विच, आकडा ३४. ते तोडायचं का? (सिनिअर डेव्हलपर, वागळे इस्टेट, ठाणे)

तोडू नका. हा १० कुठून आला ते पाहिलं की नियम आणणाऱ्यांशी बोलणं सोपं जाईल. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली. फंक्शनच्या प्रवाहाची आकृती काढायची आणि त्यातल्या कडा वजा बिंदू अधिक २ करायचे. व्यवहारात निर्णयाच्या जागा मोजून त्यात १ मिळवला तरी तेच येतं. १० ही मर्यादा वाजवी आहे, पण तिच्यात जादू नाही, असं त्यांनी त्याच लेखात म्हटलंय. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक केसेसचा मोठा स्विच असेल तर ही मर्यादा लावणं योग्य वाटलं नाही, तिथे सूट दिली, हेही तिथेच नोंदवलंय. तुमचं फंक्शन नेमकं त्या सवलतीतलं आहे. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या ५००-२३५ क्रमांकाच्या पुस्तिकेत अनुभवी टीम आणि नीट टेस्टिंग असेल तर १५ पर्यंत जाता येतं असं म्हटलंय.

तुमच्या स्विचसाठी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे माप जास्त न्याय देतं. सोनारसोर्स कंपनीने ते आणलं. त्यात अख्खा स्विच १ धरतात, पण अटीच्या पोटात अट, त्याच्या पोटात लूप असं आत शिरत गेलं की प्रत्येक पातळीला जास्तीचा दंड बसतो. पाम बीच रोडवर वाशीपासून बेलापूरपर्यंत कितीही सिग्नल लागले तरी वाट डोक्यात राहते. नौपाड्यात गल्लीतून गल्लीत तीनदा वळलं की आलो कुठून तेच आठवत नाही. पहिलं माप सिग्नल मोजतं, दुसरं गल्लीतली गल्ली. जावासाठी सोनारक्यूब या त्यांच्या टूलची मूळ मर्यादा १५ आहे, आणि तुमचा सपाट स्विच तिथे १ वर येतो. प्रत्येक केसमध्ये एकच कॉल आहे ना, एवढं मात्र बघा. एखाद्या केसमध्ये वीस ओळींचं लॉजिक असेल तर ते वेगळ्या फंक्शनमध्ये न्या.

आकड्यासाठी कोड तोडला की काय होतं, हेही सांगायला हवं. 'पार्स भाग १', 'पार्स भाग २' अशी फंक्शन्स जन्माला येतात. दोघांमध्ये आठ-नऊ पॅरामीटर फिरतात आणि वाचणारा दोन फाइलींमध्ये ये-जा करत राहतो. त्याहून वाईट म्हणजे एखादी तपासणी गाळली जाते, कारण प्रत्येक तपासणी आकड्यात १ वाढवते. २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष आठवा. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत समोरून आलेली लांबी खरी आहे का ते तपासलंच जात नव्हतं. दुरुस्तीत त्या तपासणीचे 'इफ' घातले गेले. म्हणजे दुरुस्तीने गुंतागुंतीचा आकडा वाढला आणि कोड सुरक्षित झाला. तुमच्या मॅनेजरना हे उदाहरण जरूर दाखवा.

प्रश्न : आमच्या टूलने 'सुरक्षित' म्हटलेल्या साइटवर दुसऱ्या तपासनीसाला वेळेवर आधारित एसक्यूएल इंजेक्शन सापडलं. ते तपासणाऱ्या फंक्शनचा आकडा फक्त ७ होता, म्हणून रिव्ह्यूत कोणी थांबलंच नाही. कोड सोबत आहे. (सिक्युरिटी टेस्टर, घणसोली)

तुमचं फंक्शन मराठीत मांडून पाहू, म्हणजे पायथन न लिहिणाऱ्या वाचकांनाही कळेल. वेळेवर आधारित एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे साइटमधून डेटाबेसला 'थांब' अशी आज्ञा घुसवायची; उत्तराला तेवढा उशीर झाला तर दोष आहे. गेट आणि पोस्ट या विचारणा पाठवायच्या दोन पद्धती. पेलोड डेटाबेसला ५ सेकंद थांबायला सांगतो. रिक्वेस्ट्स या, साइटला विचारणा पाठवणाऱ्या लायब्ररीचा टाइमआउटही, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मर्यादाही, ५ सेकंदच ठेवलीय.

प्रत्येक पेलोडसाठी :
– प्रयत्न कर :
– – पद्धत पोस्ट असेल तर पोस्टने पाठव
– – नाहीतर गेटने पाठव
– – लागलेला वेळ ५ पेक्षा जास्त असेल तर :
– – – स्टेटस २०० किंवा ५०० असेल तर 'सापडलं' परत दे
– काहीही चूक झाली तर पुढच्या पेलोडवर जा
शेवटी 'सुरक्षित' परत दे

रेडॉनच्या नियमाने मोजा : मूळ १, लूप १, पद्धतीची अट १, वेळेची १, स्टेटसची १, 'किंवा' १, चूक पकडणारा भाग १. एकूण ७, श्रेणी बी. आता कॉग्निटिव्ह : लूप १. पद्धतीची अट लूपच्या पोटात म्हणून २, तिचं 'नाहीतर' १. वेळेची अट २. स्टेटसची अट आणखी एक पातळी आत म्हणून ३, त्यातलं 'किंवा' १. चूक पकडणारा भाग लूपच्या आत म्हणून २. एकूण १२. बारा ओळींच्या आतल्या फंक्शनला १२, म्हणजे हे थांबून वाचायला हवं होतं. पण १५ च्या मर्यादेत तेही सुटलंच असतं.

दोष असा आहे. साइट खरोखर दोषी असली की डेटाबेस ५ सेकंद थांबतो, त्यात नेटवर्कचा वेळ मिळवला की उत्तर ५ सेकंदांच्या पुढे जातं. त्याच क्षणी रिक्वेस्ट्स टाइमआउटची चूक फेकतं. ती 'काहीही चूक झाली तर' या ओळीत पकडली जाते आणि टूल पुढच्या पेलोडवर जातं. वेळेची अट जिथे आहे तिथे दोषी साइटचं उत्तर जवळजवळ कधीच पोचत नाही. हल्ला यशस्वी झाला की टूल त्याला नेटवर्कची अडचण समजतं आणि शेवटी 'सुरक्षित' म्हणतं. फायरवॉलने कनेक्शन तोडलं, डीएनएस मिळालं नाही, प्रॉक्सी बंद पडली, या सगळ्यांचाही शेवट याच शब्दात होतो.

दुरुस्ती या क्रमाने करा. आधी निकाल दोनाचे तीन करा : 'सापडलं', 'सापडलं नाही', 'तपासता आलं नाही'. खरं-खोटं साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये तिसरी अवस्था मावत नाही, म्हणून तिथे इनम (ठरावीक नावांपैकी एक किंमत घेणारा प्रकार) वापरा. 'सुरक्षित' हा शब्द कोडमधूनही काढा, कारण टूलला तेवढं कधीच माहीत नसतं.

मग टाइमआउट १५ सेकंद करा, पेलोडचा ५ च राहू द्या. पेलोड पाठवण्याआधी साधी रिक्वेस्ट तीनदा पाठवून त्या पानाचा नेहमीचा वेळ घ्या आणि तुलना त्या वेळेशी करा. संशय आला की एकदा ३ आणि एकदा ६ सेकंदांचा पेलोड पाठवा. उशीर त्या प्रमाणात बदलला तरच 'सापडलं' म्हणा, नाहीतर संथ सर्व्हरवर खोटे इशारे येत राहतील. चूक पकडताना टाइमआउट आणि कनेक्शन तुटणं एवढ्याच चुका नावाने पकडा. बाकीच्या वर जाऊ द्या. तुमच्या व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तरी सध्याची ओळ तीही चूक गिळते.

शेवटी फंक्शन तीन भागांत करा : रिक्वेस्ट पाठवणारं, निकाल ठरवणारं आणि दोघांना फिरवणारं. आम्ही तसं करून मोजलं (३ आणि ६ सेकंदांची फेरतपासणी वेगळी ठेवून). सायक्लोमॅटिक ३, ४ आणि ५ आलं, बेरीज १२, म्हणजे पूर्वीच्या ७ पेक्षा जास्त. कॉग्निटिव्ह ३, ३ आणि ६, बेरीज पूर्वीइतकीच १२. पण सगळ्यात अवघड फंक्शन १२ वरून ६ वर आलं, आणि निकाल ठरवणारं फंक्शन नेटवर्कला हात न लावता टेस्ट करता येऊ लागलं. म्हणून तोडण्याआधीची आणि नंतरची बेरीज ताडून पाहू नका, सर्वांत मोठा आकडा ताडा.

टेस्टसाठी स्वतःच्या मशीनवर चालणारा छोटा सर्व्हर लिहा. त्याची चार पानं पुरेत : पेलोड मिळाला की तेवढाच वेळ थांबणारं, नेहमीच चार सेकंद लावणारं, कनेक्शन तोडणारं आणि ४०३ ('परवानगी नाही') देणारं. अपेक्षित निकाल अनुक्रमे सापडलं, सापडलं नाही, तपासता आलं नाही, तपासता आलं नाही. हे चारही दर बिल्डला (टूल नव्याने तयार करताना) चालवा. त्यावर म्यूटम्यूट चालवून पाहा. ते कोडमधली चिन्हं मुद्दाम उलटी करतं, 'पेक्षा जास्त'चं 'पेक्षा जास्त किंवा इतकं' करतं. तरीही टेस्ट पास झाल्या तर त्या अटीवर कोणाचीच नजर नाही असं समजा. जुन्या रिपोर्टमधल्या ज्या साइट या फंक्शनने तपासल्या, त्या पुन्हा तपासून क्लायंटला कळवणं हे तुमच्या टीमचं कर्तव्य आहे. ते टाळू नका.

प्रश्न : आमच्या कोडचा मेन्टेनेबिलिटी इंडेक्स ४०, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत हिरवा. निश्चिंत राहू का? (प्रोजेक्ट मॅनेजर, सीबीडी बेलापूर)

नाही. सूत्रात १७१ मधून तीन गोष्टी वजा होतात : हालस्टेड व्हॉल्यूमच्या (कोडमधली चिन्हं आणि नावं किती, यावरून काढलेल्या आकाराच्या) नैसर्गिक लॉगच्या ५.२ पट, सायक्लोमॅटिक गुंतागुंतीच्या ०.२३ पट आणि ओळींच्या नैसर्गिक लॉगच्या १६.२ पट. व्हिज्युअल स्टुडिओ ते ० ते १०० च्या पट्टीवर आणतो आणि २० पासून पुढे हिरवा रंग देतो. व्हॉल्यूम १०००, ओळी ५० आणि गुंतागुंत १० धरली तर ४०.६ येतं. आता फक्त गुंतागुंत ३० करा : ३७.९. गुंतागुंत तिप्पट झाली तरी इंडेक्स तीन अंकही हलला नाही, रंग हिरवाच. मोठ्या फाइली शोधायला हा इंडेक्स ठीक. स्कॅनरचा निकाल भरवशाचा आहे का, ते त्यातून कळत नाही.

प्रश्न : गुंतागुंत मोजता येते, पण 'वाचायला सोपा' हे मोजता येतं का? आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये गाइडनी हे विचारलंय. (विद्यार्थिनी, नेरूळ)

काही प्रमाणात येतं. बूझ आणि वायमर या संशोधकांनी १२० जणांना कोडचे १०० छोटे तुकडे दाखवून गुण द्यायला सांगितले, आणि त्या बारा हजार गुणांवरून वाचनीयतेचं मॉडेल बनवलं. त्यांचा लेख २०१० सालचा. ओळीची लांबी, एका ओळीत किती नावं, रिकाम्या ओळी अशी वरवरची लक्षणंही माणसांच्या मताशी बरीच जुळतात, हे त्यातून दिसलं. तुमच्या प्रोजेक्टला हा चांगला पाया आहे.

पण प्रोजेक्टसाठी आणि टीमसाठीही एक घरगुती चाचणी सुचवतो. निकाल देणारी पाच फंक्शन्स निवडा. ज्यांनी ती लिहिली नाहीत अशा दोघांना प्रत्येकी दहा मिनिटं द्या आणि तीन प्रश्न विचारा : हे फंक्शन कोणत्या परिस्थितीत 'सापडलं' म्हणतं? मध्येच नेटवर्क तुटलं तर काय परत देतं? मर्यादा ५ वरून ८ करायची तर कोणत्या ओळी बदलाल? उत्तर बरोबर की चूक आणि किती मिनिटं लागली, दोन्ही लिहा. तीन महिन्यांनी तीच फंक्शन्स वेगळ्या दोघांना द्या. दोघंही दुसऱ्या प्रश्नावर अडखळले तर आकडा काहीही असो, ते फंक्शन पुन्हा लिहायला घ्या.

नावांकडेही बघा. 'टाइमआउट' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ५००० लिहिलेलं दिसलं तर ते सेकंद की मिलिसेकंद? जावास्क्रिप्टमधली ॲक्सिऑस मिलिसेकंद घेते, पायथनची रिक्वेस्ट्स सेकंद. एकीकडचा आकडा दुसरीकडे चिकटवला की टूल एका पानावर ८३ मिनिटं वाट बघत बसेल. 'टाइमआउट सेकंद' असं नाव दिलं की प्रश्नच उरत नाही. 'फ्लॅग', 'रिझल्ट२', 'टेम्प' ही नावं निकालाच्या कोडमध्ये नकोतच. इंग्रजी लिपीत मराठी नावंही आम्हाला मान्य नाहीत. एक जण 'तपासणी'चं स्पेलिंग एक करतो, दुसरा दुसरं, आणि कोडमध्ये शोधताना निम्म्या जागा सुटतात. कॉमेंट मात्र जरूर मराठीत, देवनागरीत लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये असली की पायथन ३ ला काही अडचण नाही, आणि 'ही अट का घातली' ते माणूस आपल्या भाषेत जास्त नेमकं लिहितो.

मांडणी किती महत्त्वाची, याचं उदाहरण ॲपलचंच आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये आयओएस ७.०.६ हे अपडेट तातडीने द्यावं लागलं. सुरक्षित कनेक्शन जोडताना सर्व्हरची सही तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' (थेट शेवटाकडे उडी) ही ओळ दोनदा आली होती. 'इफ'ला महिरपी कंस नव्हते, म्हणून दुसरी ओळ दिसायला अटीच्या आत पण प्रत्यक्षात बाहेर होती. सही न तपासताच कोड 'ठीक आहे' म्हणून बाहेर पडत होता. या जास्तीच्या ओळीने निर्णयाची एकही जागा वाढत नाही, म्हणजे निर्णय मोजून काढलेला आकडा जसाच्या तसा. कंस सक्तीचे करणारा आणि ज्या ओळींपर्यंत कोड पोचूच शकत नाही त्या दाखवणारा नियम असता तर तो पकडला गेला असता.

प्रश्न : आमच्या तपासण्या न्यूक्लाय या स्कॅनरच्या टेम्प्लेटमध्ये आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रांमध्ये) आहेत. रेडॉनला त्यातलं काही दिसतच नाही. (टेस्टर, तुर्भे)

बरोबर. पंधरा पर्यायांची एक्स्प्रेशन एका ओळीत असली तरी सायक्लोमॅटिकला ती एक साधी ओळ वाटते. अशा एक्स्प्रेशन पायथनच्या 'व्हर्बोस' पद्धतीने अनेक ओळींत, प्रत्येक तुकड्याशेजारी कॉमेंट देऊन लिहा. प्रत्येकीला जुळायला हवीत अशी पाच आणि जुळायला नकोत अशी पाच उत्तरं टेस्टमध्ये ठेवा. अधिकच्या ('पुन्हा पुन्हा' सांगणाऱ्या) चिन्हाच्या पोटात अधिकचं चिन्ह दिसलं तर खास तपासा. समोरच्या सर्व्हरने मुद्दाम तसं उत्तर दिलं तर तुमचा स्कॅनरच तिथे अडकून पडेल.

न्यूक्लायमध्ये अनेक मॅचर (उत्तर जुळतं का ते पाहणाऱ्या अटी) असतील आणि ते कसे जोडायचे हे लिहिलं नसेल तर ते 'ऑर'ने जोडले जातात. एका मॅचरमध्ये स्टेटस २०० आणि दुसऱ्यात शब्द दिला आणि 'अँड' लिहायचं राहिलं, तर २०० देणारं प्रत्येक पान दोषी ठरतं. टेम्प्लेटसाठी हाताने मोजा : मॅचर, त्यातले शब्द आणि उलट्या अटी यांची बेरीज. ती ८ च्या पुढे गेली की दुसऱ्या माणसाची सही घ्या. हा ८ आमचा, अनुभवाने ठरवलेला. तुमच्या कामाप्रमाणे बदला.

प्रश्न : मेटास्प्लॉइट या हल्ले करून पाहायच्या टूलचं मॉड्यूल आणि एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या टूलची स्क्रिप्ट लिहिताना कोणती मर्यादा? (घोडबंदर रोड, ठाणे)

ज्या प्रकल्पात लिहिताय त्याची नियमांची फाइल वाचा. रुबोकॉप या रुबी कोड तपासणाऱ्या टूलचा मूळ नियम मेथड १० ओळींत बसवा असा आहे. मेटास्प्लॉइटने एक्स्प्लॉइटची (दोषाचा फायदा घेणाऱ्या कोडची) व्याख्या लांब होते हे ओळखून तो ३०० वर नेलाय. तिथे मॉड्यूलची माहिती देणारा भागच मोठा असतो, तो वाचायला अवघड नसतो. एनमॅपच्या स्क्रिप्ट लुआ भाषेत असतात. लुआचेक या लुआ कोड तपासणाऱ्या टूलमध्ये सायक्लोमॅटिकची मर्यादा देता येते, पण ती आपण होऊन चालू नसते.

प्रश्न : मर्यादा बिल्डमध्ये घातली तर पहिल्याच दिवशी १४० फंक्शन्स लाल झाली आणि काम थांबलं. काय चुकलं? (डेव्हऑप्स इंजिनिअर, कोपरखैरणे)

जुन्या कोडला नवा नियम एकदम लावला, एवढंच. आजची यादी जशी आहे तशी फाइलमध्ये साठवा. लिझर्ड वापरत असाल तर एका टेक्स्ट फाइलमध्ये सूट दिलेली फंक्शन्स लिहिता येतात. नवीन फंक्शनला मर्यादा पूर्ण लावा, जुन्याला 'आजच्यापेक्षा वाढू नये' एवढीच. जुन्या फंक्शनचा आकडा कमी झाला की यादीतला आकडाही त्याच मर्जमध्ये खाली आणा, म्हणजे तो परत वर चढणार नाही. दर पंधरवड्याला यादीतली दोनच फंक्शन्स घ्या, निकाल देणारी आधी.

सूट देणारी कॉमेंट लिहिता येते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तिच्यावर एक अट घाला : कॉमेंटच्या शेजारी कारण आणि तारीख नसेल तर रिव्ह्यू पुढे जाणार नाही. आणि बिल्ड अडवणारा आकडा एकच ठेवा. सायक्लोमॅटिक, कॉग्निटिव्ह, ओळी, पॅरामीटर असे चार-चार अडथळे लावले की लोक कोड वाचायचं सोडून आकडे शांत करायच्या मागे लागतात. पायथनच्या स्कॅनरसाठी आम्ही कॉग्निटिव्ह १५ वर अडवू, आणि निकाल देणाऱ्या फोल्डरसाठी ८ वर. बाकीचे आकडे रिपोर्टमध्ये दिसू द्या, लाल करू नका.